नागपूरहून येणारा थेंब

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरची राजधानी गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिण टोकाचे सौंसर व पांढुर्णा हे मराठी बोलणारे भागही त्याच्यासोबत तिकडेच राहिले. तेव्हापासून इथल्या शेतकऱ्याची खसरा-खतौनी हिंदीत, हायकोर्ट जबलपूरला आणि मंत्रालय भोपाळला. दुखणं मात्र नागपूरचंच राहिलं.

त्याला कारण होतं. १८५३-५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याचं मुख्य ठिकाण ठरलं. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद रुळांची गाडी छिंदवाड्याहून सौंसरमार्गे नागपूरला जाऊ लागली. १९२० च्या दशकात नागपूर-इटारसी हा मोठा मार्ग सुरू झाला आणि पांढुर्णा त्यावर आलं. संत्री आणि कापूस ज्या गाडीनं जायचे, त्याच गाडीनं आजारी माणूस नागपूरच्या मेयो दवाखान्यात जायचा. १९४७ मध्ये नागपुरात वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि ‘मेडिकल’ हा शब्द या पट्ट्यात मोठ्या दवाखान्याचं नाव होऊन बसला. सौंसरची छोटी गाडी २०१५ मध्ये रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी गंभीर आजाराची पहिली वाट अजून दक्षिणेकडेच वळते.

या वाटेनं जी औषधं घरी येतात, त्यांत आकारानं सर्वांत लहान आणि स्वभावानं सर्वांत हट्टी म्हणजे काचबिंदूच्या थेंबांची बाटली. अडीच किंवा पाच मिलीलिटरची. ती संपली की दुसरी, ती संपली की तिसरी, आणि हे बहुधा जन्मभर. दुखणं थांबावं म्हणून माणूस गोळी घेतो. इथे दुखतच नाही. दृष्टी सुधारेल या आशेनं थेंब घालावेत, तर तेही नाही, कारण गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची, एवढंच या बाटलीचं काम. त्यातून डॉक्टर पाच-सहा नियम सांगतात: एकच थेंब, टोक लागू देऊ नका, नाकाकडचा कोपरा दाबा, दोन औषधांत पाच मिनिटं सोडा, दमा असेल तर आधी सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. ऐकायला ही किरकोळ शिस्त वाटते. पण यातला एकेक नियम दीडशे वर्षांत कुणाच्या तरी प्रयोगातून, चुकीतून किंवा मरणातून आलेला आहे.

आधी आजार. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून वाहून जातं. मोरीचं तोंड तुंबावं तशी ही जाळी अडली की आतला दाब चढतो, आणि मागची दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. नजर कडेकडून जाते. समोरचं अक्षर दिसत असतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. उंबरठ्याला ठेच लागायला लागते, बाजूनं आलेली मोटारसायकल उशिरा दिसते, आणि घरचे म्हणतात, वय झालं. काचबिंदूचा दुसरा, कमी आढळणारा प्रकार असा मुका नसतो. त्यात दाब एकाएकी चढतो, डोळा लाल होतो, डोकं फुटायला येतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. तेव्हा तासही घालवून चालत नाही.

खेड्यांत या आजाराला सर्वांत मोठी साथ दिली ती एका जुन्या सवयीनं. मोतीबिंदू ‘पिकू’ द्यायचा, मग काढायचा. ही सवय वेडेपणाची नव्हती. सुश्रुताच्या काळापासून विसाव्या शतकापर्यंत गावोगाव फिरणारे शलाकावाले सुईनं मोतीबिंदू डोळ्यातच मागे ढकलत, आणि तो घट्ट झालेला असला तरच हे काम साधे. पुढे दवाखान्यातली शस्त्रक्रिया आली, तीही कित्येक वर्षं पिकलेल्या मोतीबिंदूवरच होत असे. त्यामुळे म्हातारपणी नजर मंदावली की वाट पाहायची, हे डोक्यात पक्कं बसलं. मोतीबिंदूनं वाट पाहिली तरी चालत असे. काचबिंदूत त्या वाट पाहण्यातच डोळा जातो.

शलाकावाल्यांच्या हातून गेलेल्या डोळ्यांचा अभ्यास मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी केला आणि १९१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ढकललेला मोतीबिंदू डोळ्यात तसाच राहिल्यानं पुष्कळदा दाब वाढे आणि काही दिवस मिळालेली दृष्टी कायमची जाई. हेच एलियट काचबिंदूच्या इतिहासात दुसऱ्या कारणानं मोठे आहेत. १९०९ मध्ये त्यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागाला बारीक गोल छिद्र पाडून पाणी बाहेर जायला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि ती ‘एलियटची शस्त्रक्रिया’ म्हणून जगभर केली गेली. त्याआधी १८५७ मध्ये बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांनी बुबुळामागच्या पडद्याचा तुकडा काढून काचबिंदूवर पहिला खरा उपाय दाखवला होता. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या आजाराला औषध नव्हतं, आणि जे आलं ते आधी चाकूच्या रूपात आलं.

डोळ्यात थेंब घालणं मात्र आपल्याकडे फार जुनं. आयुर्वेदात त्याला आश्च्योतन म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत आणि थेंब किती घालायचे याचंही माप दिलं आहे: दोष खरवडून काढायचा असेल तर सात-आठ, स्निग्धतेसाठी दहा, जखम भरून यायची असेल तर बारा. पुढच्या ग्रंथांत दोन अंगुळांवरून थेंब सोडावेत, अशीही सूचना येते. अधिमंथ नावाच्या रोगाचं वर्णन, म्हणजे डोळा घुसळल्यासारखी वेदना आणि अर्ध्या डोक्यात कळ, वाचून आजचे वैद्य त्याला तीव्र काचबिंदूच्या जवळचं मानतात. दोन अंगुळांचं अंतर आजही बरोबर आहे. बाटलीचं टोक डोळ्याला लागू नये, हाच त्याचा अर्थ. मापाचं गणित मात्र पार बदललं. खालच्या पापणीच्या खाचेत जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटर द्रव मावतो, आणि आजच्या बाटलीतून पडणारा एकच थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. दुसरा थेंब म्हणजे गालावरून ओघळणारं औषध आणि महिनाअखेर होण्याआधीच रिकामी बाटली.

घरगुती पद्धतींत हे माप कधीच नव्हतं. मध, गुलाबपाणी, एरंडेल, त्रिफळ्याचं पाणी, काजळ, सुरमा, बाळंतिणीचं दूध, यांतलं काही ना काही प्रत्येक घरात डोळ्यात गेलेलं आहे. ‘थंडावा येतो’ एवढीच त्याची परीक्षा. काचबिंदूचा थेंब या परीक्षेत हटकून नापास होतो. तो चुरचुरतो, डोळा लाल करतो, घशात कडू उतरतो, आणि फरक काहीच दिसत नाही. थंडाव्याची सवय असलेल्या घरात असं औषध दोन महिन्यांत फळीवर जाऊन बसतं.

काचबिंदूवरचा पहिला थेंब आला तो आफ्रिकेतल्या एका विषातून. आजच्या नायजेरियातल्या कालाबार भागात एफिक लोक आरोपीला एका वेलीचं बी खायला देत. ओकून वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. हे बी एडिनबरोत पोचलं. रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये त्याचा तुकडा स्वतः खाऊन पाहिला आणि जेमतेम वाचले. १८६३ मध्ये तिथल्याच डग्लस आर्गाइल रॉबर्टसन यांनी त्याचा अर्क स्वतःच्या डोळ्यात घातला, तेव्हा बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली. १८७६ मध्ये स्ट्रासबुर्गच्या लुडविग लाकर यांनी त्यातलं फायसोस्टिग्मिन काचबिंदूत दाब उतरवतं, हे जाहीर केलं. लाकर यांना स्वतःलाच काचबिंदू होता. बाहुली आकसली की पडदा ताणला जातो आणि अडलेली जाळी मोकळी होते, हे त्यामागचं तत्त्व.

त्याच सुमाराला ब्राझीलची जाबोरांडी ही वनस्पती युरोपात आली होती. १८७५ मध्ये पॅरिसच्या हार्डी आणि लंडनच्या जेरार्ड यांनी तिच्या पानांतून पायलोकार्पिन वेगळं काढलं. वर्ष-दोन वर्षांत जर्मनीच्या अडोल्फ वेबर यांनी ते डोळ्यात वापरलं आणि पुढची शंभर वर्षं हेच काचबिंदूचं मुख्य औषध राहिलं. दिवसातून चार वेळा थेंब. बाहुली लहान, त्यामुळे संध्याकाळी अंधुक. कपाळात भुवईवर दुखणं. मोतीबिंदूही असेल तर दिवसाही धूसर. सकाळी चारला बैल सोडायला उठणाऱ्या माणसाला हा सौदा परवडणारा नव्हता. औषधाचा दुष्परिणाम हे ते सोडून देण्याचं एक मोठं कारण असतं, हा धडा पायलोकार्पिननं पिढ्यान्पिढ्या शिकवला. आज ते मुख्यतः अचानक दाब चढलेल्या प्रकारात आणि लेसर उपचाराच्या आधी वापरलं जातं.

दाब मोजण्याची सोयही सावकाशच आली. आधी डॉक्टर बंद पापणीवरून दोन बोटांनी डोळा दाबून तो किती कडक आहे हे सांगत. १९०५ मध्ये नॉर्वेच्या शॉट्झ यांनी डोळ्यावर ठेवायचं वजनाचं यंत्र काढलं आणि १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या गोल्डमन यांचं यंत्र आलं. तेच आजही प्रमाण मानतात. साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब सामान्य धरतात. पण काहींची नस त्याहून कमी दाबातही सुकते, म्हणून नुसत्या आकड्यावर कुणाला मोकळं सोडत नाहीत. नस तपासावी लागते, नजरेचं क्षेत्र काढावं लागतं.

१९७८ मध्ये अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली आणि सगळं पालटलं. हृदयविकारासाठी जेम्स ब्लॅक यांनी ज्या जातीची औषधं शोधली, त्याच जातीचं हे. दिवसातून दोनदा, बाहुलीला हात न लावता, डोळ्यात पाणी तयार होणंच कमी करणारं. डॉक्टर खूश, रुग्ण खूश. मग छातीतून तक्रारी यायला लागल्या.

डोळ्यातलं पाणी नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून नाकात उतरतं. रडताना नाक वाहतं ते त्यामुळेच. थेंबही त्याच वाटेनं नाकाच्या आतल्या त्वचेवर पोचतो आणि थेट रक्तात जातो. पोटात घेतलेली गोळी आधी यकृतातून गाळून जाते. या थेंबाला ते गाळणं लागत नाही. दम्याच्या माणसाचा श्वास त्यानं कोंडतो, आधीच मंद चालणारी नाडी आणखी मंदावते. १९७८ ते १९८५ या काळात अमेरिकेत टिमोलॉलच्या थेंबांशी जोडलेल्या श्वासाच्या आणि हृदयाच्या गंभीर घटनांच्या ४५० नोंदी झाल्या. ३२ मृत्यूही नोंदले गेले. डोळ्याचं औषध देताना दमा, हृदयाचे ठोके आणि चालू गोळ्या विचारायच्या, हा प्रघात तिथून पक्का झाला. मधुमेहींना आणखी एक इशारा असतो: साखर एकदम उतरली की जी धडधड होते, ती हे औषध दडपून टाकू शकतं.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या थॉम झिमरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की थेंब घातल्यावर नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरला, तर रक्तात जाणारं औषध अर्ध्याहून जास्त कमी होतं. नुसता डोळा शांतपणे मिटून ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. कोणतंही यंत्र नको, पैसा नको. एक बोट आणि दोन-तीन मिनिटं. दुष्परिणाम टाळण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि तोच सर्वांत कमी पाळला जातो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये छापलेल्या अभ्यासात काचबिंदूच्या ७० रुग्णांना समोर बसवून थेंब घालायला सांगितलं. ५३ जणांच्या बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला लागलं. २२ जणांचा थेंब डोळ्यात पडलाच नाही. कोपरा दाबणारे फक्त चार, आणि टोक न लावता एकच थेंब डोळ्यात नीट सोडणारे सहा. ही महिनोन्महिने औषध घेणारी माणसं होती, आणि ती मोठ्या दवाखान्यात येणारी होती.

खेड्यातल्या घरात याच कामाला आणखी दोन अडचणी येतात. एक बाटलीची. जुन्या काचेच्या बाटलीला वेगळा रबरी फुगेवाला ड्रॉपर असायचा. आता प्लॅस्टिकची बाटली आहे आणि बऱ्याच बाटल्यांचं टोक बंद येतं. टोपणाच्या आत एक खुंटी असते. टोपण पूर्ण घट्ट पिळलं की ती खुंटी टोकाला नेमकं भोक पाडते. हे माहीत नसलं की घरात शिवणाची सुई निघते, कधी ती दिव्यावर तापवून घुसवतात. भोक मोठं होतं, थेंबाऐवजी धार लागते, आणि सुईचा मळ औषधात उतरतो.

दुसरी अडचण हातांची. सत्तरीतल्या माणसाचा हात थरथरतो, मान मागे जात नाही. मग नातवाला हाक जाते. आजोबा खाटेवर उताणे, नातवाच्या एका हातात मोबाइल. “पडला काय गा थेंब?” “पडला, आबाजी.” पडलेला असतो भुवईवर. खरं तर उताणं निजणं ही या वयात सर्वांत सोपी रीत आहे. हात साबणानं धुवायचे. खालची पापणी बोटानं हलकेच ओढून खिसा करायचा. नजर वर छताकडे, बाटली डोळ्यावर बोटभर उंच धरायची, आणि हात थरथरत असेल तर मनगट कपाळावर टेकवायचं. एक थेंब त्या खिशात सोडायचा. मग डोळा मिटायचा, पण घट्ट आवळायचा नाही, पापण्या मिचकावायच्या नाहीत. आणि नाकाकडचा कोपरा दोन-तीन मिनिटं दाबायचा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. मलम असेल तर शेवटी. घरात त्याच आकाराची दुसरी बाटली असेल, होमिओपॅथीची, कुरूपाच्या औषधाची किंवा झटकन चिकटवणाऱ्या गोंदाची, तर ती वेगळ्या खोलीत. या चुकीनं डोळे भाजल्याच्या घटना जगभर नोंदल्या आहेत.

१९९६ मध्ये लॅटॅनोप्रोस्ट आलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या लास्लो बिटो यांनी आधी हे ओळखलं होतं की प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं, जी डोळ्याला सूज आणतात असं सगळे मानत, तीच अगदी थोड्या मात्रेत दाब उतरवतात. स्वीडनच्या कंपनीत योहान श्टेर्नशान्त्स यांनी त्यातून सोसण्याजोगं औषध घडवलं. रात्री एकच थेंब, दम्यालाही बहुधा चालणारा. दुष्परिणाम होते ते दिसणारे: डोळ्याची लाली, पापण्यांचे केस लांब आणि दाट होणं, पापणीची कातडी काळवंडणं, घाऱ्या डोळ्यांचा रंग गडद होणं, काहींच्या डोळ्याभोवतीची चरबी आटून डोळे खोल जाणं. एकाच डोळ्यात औषध चालू असेल तर दोन डोळे दोन तऱ्हेचे दिसू लागतात. औषध गालावर ओघळलं तर ते पुसून टाकायचं, तेही याचसाठी.

याच औषधानं पांढुर्णा-सौंसरसारख्या भागापुढे एक नवाच प्रश्न ठेवला: फ्रिज. न उघडलेली लॅटॅनोप्रोस्टची बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते. मे महिन्यात नागपूरच्या आसपास पारा ४५ पर्यंत चढतो. नागपुरातून विकत घेतलेल्या तीन बाटल्या पिशवीत टाकून दुपारच्या एसटीनं तीन तास आणल्या, की औषधाची परीक्षा घरी पोचण्याआधीच झालेली असते. फ्रिजमध्ये ठेवावी न लागणारी लॅटॅनोप्रोस्टही आता मिळते. डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारणं एवढाच प्रश्न असतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनानं लिहून ठेवावी. बहुतेक बाटल्या महिन्याभरानंतर वापरू नयेत, मग आत अर्धं औषध का असेना.

नव्वदच्याच दशकात डॉर्झोलामाइड आणि ब्रिमोनिडिन आली. पहिल्यानं तोंड कडू होतं. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगावं लागतं. दुसऱ्यानं तोंड कोरडं पडतं, झोप येते, काहींना महिन्या-दोन महिन्यांनी डोळ्याची खाज आणि लाली सुरू होते. तान्ह्या बाळाला ब्रिमोनिडिन घातलं तर त्याचा श्वास थांबू शकतो, म्हणून ही बाटली लेकरांच्या हाती लागू द्यायची नसते. पुष्कळ थेंबांत जंतू मारणारं रसायन घातलेलं असतं आणि वर्षानुवर्षं वापरून त्यानं डोळे कोरडे पडतात. अशांसाठी ते रसायन नसलेल्या बाटल्या मिळतात. मुद्दा असा की आज पर्याय आहेत. त्रास होतो म्हणून औषध टाकून देण्यापेक्षा डॉक्टरला सांगून बदलून घेणं शक्य आहे. पायलोकार्पिनच्या काळात ते नव्हतं.

या भागात काचबिंदूला दोन खास वाटा आहेत, आणि दोन्ही तरुणांच्या. पहिली जाम नदीतून जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा पांढुर्ण्यात गोटमार असते. नदीपात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे, दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक दगड मारत तो झेंडा काढायला धावतात. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवून नेली, त्याची ही आठवण सांगतात. दरवर्षी जखमी शेकड्यांत असतात, मृत्यूही झाले आहेत. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते चालले नाहीत. डोकं फुटलं की टाके पडतात. डोळ्यावर मुका मार बसला तर सूज उतरते, नजर येते आणि माणूस विसरून जातो. पण अशा मारानं पाणी वाहून नेणारी जाळी आतून फाटलेली असू शकते, आणि दाब महिन्यांनी नव्हे, कधी कधी दहा-वीस वर्षांनी चढतो. क्रिकेटचा चेंडू आणि विटीदांडूची विटी हेच करतात. ज्याच्या डोळ्याला असा मार बसला, त्यानं दरवर्षी दाब मोजून घ्यावा.

दुसरी वाट औषधाच्या दुकानातून जाते. डोळे आले, खाज आली, उन्हाळ्यात लेकराचे डोळे लाल झाले, की काउंटरवरून एक बाटली मिळते आणि दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. १९५० च्या दशकात ही औषधं डोळ्यांसाठी आली आणि काही वर्षांतच लक्षात आलं की आठवडे-महिने घातली तर पुष्कळांचा दाब चढतो, मुलांचाही. कायद्यानं ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण गेल्या वर्षीची चिठ्ठी आणि मोठ्या भावाची उरलेली बाटली पुरेशी ठरते.

२००६ ते २००८ मध्ये नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं जर्मन संशोधक योस्ट योनास यांच्यासोबत नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. सौंसरच्या सीमेपासून फार लांब नसलेला, तशाच शेतीचा आणि तशाच बोलीचा हा मुलूख. देशात इतरत्र झालेल्या अशा पाहण्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली आहे: काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसतं. थेंबांचा उपयोग किती, याचंही उत्तर आहे. दाब वाढलेला पण नस अजून शाबूत असलेल्या १,६३६ लोकांवर अमेरिकेत प्रयोग झाला. २००२ मध्ये निकाल आला तेव्हा पाच वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला होता, थेंब घालणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. २०१९ मध्ये ब्रिटनच्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं की सुरुवातीलाच लेसर केलं तर तीन-चतुर्थांश रुग्ण तीन वर्षं थेंबांशिवाय राहू शकतात. सगळ्यांना लेसर चालतंच असं नाही, पण ज्याला फ्रिज नाही, हात थरथरतो आणि नागपूर लांब पडतं, त्यानं हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

तपासणीची तारीख कापूस वेचणीत किंवा संत्र्याच्या तोडणीत आली की ती पुढे ढकलली जाते आणि त्या महिन्यात बाटलीही संपते. तारीख बदलून घेता येते; औषधात खंड पडला की दाब मात्र पुन्हा चढतो. दुकानदाराकडून चिठ्ठी दाखवून तेच औषध आणता येतं, टिमोलॉलसारखी जुनी औषधं स्वस्तही आहेत. नागपूरला जाताना सोबत चालू असलेल्या सगळ्या बाटल्या न्याव्यात, रिकाम्यासुद्धा. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, दम्याच्या गोळ्या आणि पंप न्यावा. मागच्या तपासणीचे कागद न्यावेत, मग ते छिंदवाड्याच्या सरकारी दवाखान्याचे हिंदीतले का असेनात. डॉक्टरांसमोर एक थेंब स्वतः घालून दाखवावा. आणि शक्य असेल तर सख्ख्या भावाला, बहिणीला किंवा चाळिशी ओलांडलेल्या मुलाला त्याच फेरीत सोबत न्यावं, कारण काचबिंदू झालेल्याच्या सख्ख्या नात्यात तो होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो, आणि दाब मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत.